‘इंटरलॉकिंग’ लिहिलंत, पण दिसलं कुठे?

परवा एटापल्लीत पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मला तिच्या नोट्स दाखवल्या. सुरजागडचा पट्टेदार लोहदगड म्हणजे बँडेड हेमाटाइट क्वार्ट्झाइट, आपण ज्याला बीएचक्यू म्हणतो तो. त्याच्या वर्णनात टेक्स्चरबद्दल एकच ओळ होती: ‘या खडकात स्फटिकांचं इंटरलॉकिंग टेक्स्चर दिसतं.’ मी विचारलं, यातून नेमकं काय कळलं? ती म्हणाली, “दादा, सगळे असंच लिहितात.”

खरं आहे. माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पातही हीच ओळ होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “हेमाटाइटचे स्फटिक एकमेकांत अडकलेले तुला दिसले कुठे?” मी थिन सेक्शनचा फोटो पुढे केला. त्यात हेमाटाइट म्हणजे नुसता काळा डाग. 0.03 मिलिमीटर जाडीच्या कापातूनही त्याच्या आरपार प्रकाश जात नाही. फार तर कडेला लालसर झाक दिसते. त्या काळ्या डागात एक स्फटिक आहे की पन्नास, हे त्या फोटोवरून सांगताच येत नाही. त्यासाठी पॉलिश्ड सेक्शन करून परावर्तित प्रकाशात बघावं लागतं. मी न पाहिलेली गोष्ट लिहिली होती, आणि शब्द भारदस्त असल्याने ती दोन वर्षं कुणाला खटकली नव्हती.

या शब्दावर माझा पहिला आक्षेप त्यातल्या चित्राबद्दल आहे. इंटरलॉकिंग म्हटलं की डोळ्यासमोर ग्रामपंचायतीपुढच्या अंगणातले ब्लॉक येतात: आधी तयार केलेले, मग खाचेत खाच बसवलेले. स्फटिक असे कुणी बसवत नाही. ते जागेवर वाढतात आणि एकमेकांना अडवतात. मराठी नोट्समध्ये ‘गुंफलेले स्फटिक’ असंही लिहिलेलं आढळतं. ते तर आणखी फसवं, कारण गुंफायला धागा लागतो. मला विचाराल तर ‘एकमेकांना अडवून वाढलेले’ हे ओबडधोबड वर्णन बरं.

दुसरा आक्षेप मोठा आहे. हा शब्द कडा कशा भिडल्यात एवढंच सांगतो, त्या तशा का भिडल्या हे सांगत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये बहुधा प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या आधी वाढू लागतात आणि उरलेली जागा पायरॉक्सीन भरतं, कधी त्या पट्ट्यांना पोटात घेतं. तिथे कडा पाहून लाव्हा थंड होतानाचा क्रम वाचता येतो. क्वार्ट्झाइटमध्ये वितळलेलं काहीच नव्हतं. घन दाणेच उष्णतेने आणि दाबाने नव्याने वाढले. शांतपणे वाढले तर तीन दाणे जिथे भेटतात तिथे साधारण 120 अंशांचे कोन होतात. ताण पडला असेल तर कडा करवतीसारख्या दातेरी होतात. बेसॉल्ट आणि क्वार्ट्झाइट दोन्ही ‘इंटरलॉकिंग’च, पण त्यांचे इतिहास वेगळे. बीएचक्यूमध्ये तर मार्टाइटही भेटतं: मूळचं मॅग्नेटाइट, त्याचं हेमाटाइट झालं, बाहेरचा अष्टफलकी आकार मात्र जुनाच राहिला. त्याच्या कडा पाहून हेमाटाइट कसं वाढलं हे सांगायला गेलात तर तुम्ही दुसऱ्याच खनिजाची गोष्ट सांगत असाल.

(ट्विनिंगशी गल्लत करू नका. तिथे एकाच खनिजाचे दोन भाग स्फटिकशास्त्राच्या नियमाने जोडलेले असतात. नेटच्या पर्यायांत हे दोन शब्द शेजारी ठेवतात, ते उगाच नाही.)

आता कुणी म्हणेल, एका शब्दाने काय बिघडतं? एटापल्लीत बिघडतं. आल्लापल्लीच्या रस्त्यावर उभं राहिलात तर धातुक वाहणारे ट्रक मोजता मोजता थकाल. चांगल्या प्रतीचं हेमाटाइट संपत जातं तसा सगळ्यांचा डोळा बीएचक्यूकडे वळतो. नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोने हेमाटाइट धातुकासाठी 45 टक्के लोह ही किमान मर्यादा धरली आहे. बीएचक्यू बहुतेक वेळा त्याखाली राहतो, म्हणून दळून, क्वार्ट्झ वेगळं काढूनच तो वापरायचा.

एक हिशेब करून बघा. शुद्ध हेमाटाइटमध्ये लोह सुमारे 70 टक्के. एखाद्या नमुन्यात लोह 35 टक्के असेल आणि ते सगळं हेमाटाइटमध्ये असेल, तर वजनाने निम्मं हेमाटाइट आणि निम्मं क्वार्ट्झ. पण हेमाटाइटची घनता 5.26, क्वार्ट्झची 2.65. म्हणजे आकारमानाने जवळपास दोन तृतीयांश क्वार्ट्झच. एवढं क्वार्ट्झ बाहेर पडणार आणि दळल्यामुळे पीठ होऊन, पाण्यासोबत गाळ म्हणून कुठेतरी साठणार. किती बारीक दळायचं, हे दाणे किती मोठे आहेत आणि कडा सरळ आहेत की दातेरी, यावर ठरतं. जितकं बारीक, तितकी वीज जास्त आणि गाळ खाली बसायला तितका अवघड. ‘इंटरलॉकिंग टेक्स्चर’ या दोन शब्दांत यातलं काहीही नाही.

गंमत म्हणजे खनिज प्रक्रियेच्या लोकांकडेही हाच शब्द आहे, अर्थ निराळा. त्यांच्या लेखी ‘लॉक्ड’ म्हणजे दळल्यावरही ज्या कणात दोन खनिजं चिकटून राहिली तो कण. गॉडिन यांच्या 1939 च्या पाठ्यपुस्तकापासून ही भाषा रुळलेली आहे. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी अखंड खडकाबद्दल बोलतो, ते पिठाबद्दल बोलतात. एकाच अहवालात दोन्ही अर्थ आले तर वाचणारा गोंधळतोच. त्यात आणखी एक मेख. जोडकणाचा काप नेमका क्वार्ट्झमधूनच गेला तर तो कण सुटा दिसतो. पूर्ण सुटा कण मात्र कुठूनही कापला तरी जोडकण दिसत नाही. म्हणून कापावरून मोजलेलं ‘सुटेपण’ प्रत्यक्षापेक्षा जास्तच निघतं.

ज्युनिअरला मी ती ओळ खोडायला सांगितली नाही. त्याखाली चार गोष्टी लिहायला सांगितल्या: कोणती दोन खनिजं भिडतात, दाणे किती मायक्रॉनचे, कडा सरळ की दातेरी, आणि हे कोणत्या प्रकाशात पाहिलं. चौथ्या प्रश्नावर ती थांबली. तिच्याकडे पॉलिश्ड सेक्शन नव्हता. तिने ‘हेमाटाइट’ खोडून तिथे ‘अपारदर्शक खनिज’ लिहिलं.