अनावृत व ऑक्साइड-लेपित धातू इलेक्ट्रोड : टाफेल उताराच्या अन्वयार्थाची चिकित्सा

प्रस्तावना :
विद्युत-रसायनशास्त्राच्या अध्यापनात टाफेल समीकरणाला (१९०५) मध्यवर्ती स्थान आहे. अतिविभव व विद्युतधारा घनतेचा लॉगॅरिथम यांचा आलेख काढावयाचा आणि त्याच्या उतारावरून अभिक्रियेची यंत्रणा ठरवावयाची, ही पद्धत पदव्युत्तर स्तरापर्यंत रूढ आहे. मापन चालू असताना इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग बदलत नाही, हे तिच्यामागील गृहीतक मात्र क्वचितच तपासले जाते.

विवेचन :
आम्लद्रावणात प्लॅटिनमवर ऑक्सिजनचे क्षपण होताना विद्युतधारा घनता कमी असता सुमारे ६० मिलिव्होल्ट, तर अधिक असता सुमारे १२० मिलिव्होल्ट असे दोन उतार आढळतात. केवळ आलेख पाहणारा अभ्यासक यंत्रणा बदलली असा निष्कर्ष काढील. परंतु पहिल्या विभागात प्लॅटिनमवर ऑक्सिजनयुक्त थर असतो व विभव उतरताच तो विरळ होतो. वेगनिर्धारक पायरी तीच राहूनही उतार बदलू शकतो. म्हणजेच एकच धातू एका विभवास आच्छादित, तर दुसऱ्या विभवास अनावृत असतो.

‘ऑक्साइड-लेपित’ हा वर्गही एकजिनसी नाही. मिठाच्या द्रावणात अनावृत टायटॅनियम धनाग्र म्हणून वापरल्यास त्यावर टायटॅनियम डाय-ऑक्साइडचा रोधक थर वाढतो व विद्युतधारा जवळजवळ थांबते. त्याच धातूवर रुथेनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचा संवाहक लेप दिल्यास क्लोरीन अल्प अतिविभवास मुक्त होतो. हेन्री बीअर यांच्या १९६० च्या दशकातील या संशोधनामुळे क्लोर-अल्कली उद्योगातील ग्रॅफाइट धनाग्रे मागे पडली. थर असणे वा नसणे निर्णायक नसून त्याची संवाहकता निर्णायक आहे.

तथापि, लेप सच्छिद्र असल्याने त्याचे खरे क्षेत्रफळ भौमितिक क्षेत्रफळाच्या अनेक पट असते. त्यामुळे विनिमय विद्युतधारा घनता फुगलेली दिसते. हा सर्व वाढावा उत्प्रेरकतेच्या खात्यावर जमा करणे सयुक्तिक नव्हे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, टाफेल उतार हा यंत्रणेचा पुरावा आहे, निवाडा नव्हे. प्रयोगवहीत केवळ ‘प्लॅटिनम इलेक्ट्रोड’ अशी नोंद पुरेशी ठरत नाही. पूर्वसंस्कार, विभवाची कक्षा, मापनाची दिशा व क्षेत्रफळाचा आधार यांचीही नोंद हवी. अन्यथा विद्यार्थी अचूक मोजेल आणि चुकीचे शिकेल.