कोटितीर्थ आणि ह्युरॉन

मंडळाच्या चित्रप्रदर्शनात दरवर्षी कोकण हमखास असते. माड, खाडी, कौलारू घर, तांबडी वाट. हात सरावलेला, रंग स्वच्छ. मात्र ॲन आर्बरला वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या आपल्या माणसांच्या जलरंगांत ह्युरॉन नदी जवळजवळ नसतेच. यंदा गॅलप पार्कचे एकच चित्र होते. पूल वाकडा, आभाळ फसलेले; पण पाण्यावरचा नोव्हेंबरचा करडा उजेड अगदी खरा. मला तेच सर्वांत आवडले.

आठवणी रंगवायला माझी ना नाही. मात्र आपले बहुतेक कोकण फोटोवरून उतरवलेले असते, आणि तिथे जलरंग दगा देतो. कॅमेरा सावलीतला निळा-जांभळा खाऊन टाकतो. आपण तो काळपटपणा इमानाने रंगवतो. मग कागदाचा उजेड रंगातून वर येत नाही. तो येत नसेल तर जलरंग कशाला, तैलरंग काय वाईट?

आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाने कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि १९३१ साली वारले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगा, एवढ्याच टापूत ते पुन्हा पुन्हा रमले. महाराज १९२२ साली गेल्यावर त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थात बुडवली असे सांगतात. खरेखोटे देव जाणे. त्यांच्या निसर्गचित्रांत मला जागेपेक्षा वेळ आधी जाणवते. रोजच्या शेजाराशिवाय हे साधत नाही.

मिलिंद मुळीकांची पुस्तके माझ्याही कपाटात आहेत, आणि कृती शिकायला ती उत्तमच. पण पुण्याचा ओला रस्ता त्यांच्या रोजच्या पाहण्यातला. आपण त्यांचे चित्र पाहून पाऊस काढतो आणि कामावर जाताना पुलाखालची नदी बघतही नाही.

खरे तर इथला हिवाळा जलरंगाचे माहेरच. बर्फाला पांढरा रंग लागत नाही, कागद कोरा सोडायचा. सावलीवर निळ्याचा पातळ हात. निकोल्स आर्बोरेटमच्या उतारावर जानेवारीत पाने नसतात, त्यामुळे नदीचे वळण मोकळे दिसते. थंडीत कागद लवकर वाळत नाही, कुंचल्यातले पाणीही गोठते. अशा वेळी गाडीतच बसावे, कागद मांडीवर घ्यावा आणि काच मधूनमधून पुसत राहावी.