मिशीतलं लोणी

श्मश्रुनवनीताची गोष्ट आपल्यातल्या बहुतेक जणींनी लहानपणी ऐकलेली असते. निपाणीच्या पाठशाळेत आम्ही मुली चटईवर बसून ती ऐकायचो आणि मिशीला लोणी लागलं म्हटलं की फिदीफिदी हसायचो. एक लोभी माणूस होता. ताक पिताना मिशीला लागलेलं लोणी तो गोळा करायचा. त्याचं तूप झालं, तुपाचं भांडं पायथ्याशी ठेवून तो मोठेपणाची स्वप्नं बघत पडला, स्वप्नाच्या भरात लाथ मारली, तूप शेकोटीत सांडलं, झोपडी पेटली, लोभी मेला. म्हणून लोभ करू नये. मग हातावर चिरमुरे-बत्तासे पडायचे आणि आम्ही घरी.

गेल्या दशलक्षणात, उत्तम शौचाच्या दिवशी, बस्तीत हीच गोष्ट पुन्हा ऐकली. शेजारी माझी मावसबहीण बसली होती. तिचा मुलगा आणि सून दोघंही पुण्यात हिंजवडीला नोकरीला. दोघांच्या एका महिन्याच्या पगाराएवढे पैसे तिच्या सासऱ्यांनी कधी एकरकमी हातात धरले नसतील. गोष्ट संपली तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "आक्का, आमचा पोरगा काय लोभी नव्हे गं. पण त्याला पुरतच नाही बघ. परवा फोनवर म्हणतोय, आई, आपण काय श्रीमंत नाही, आपलं कसंबसं चाललंय."

मला हसू आलं नाही. त्या पोराला मी लहानपणापासून बघतेय. खिशातलं चॉकलेट अर्धं मोडून देणारा पोरगा. त्याला लोभी म्हणायला माझी जीभ वळेना, आणि गोष्ट तर त्यालाच लागू पडत होती. घरी आले आणि कपाटातला रत्नकरंडक श्रावकाचार काढून बसले.

गंमत अशी की मूळ ग्रंथात ही गोष्ट नाहीच. समंतभद्र आचार्यांनी दीडशे श्लोकांच्या ग्रंथात पाच पापांसाठी पाच जणांची नावं तेवढी दिली, त्यातलं शेवटचं श्मश्रुनवनीताचं. गोष्ट सांगितली ती टीकाकार प्रभाचंद्रांनी. आणि त्यांची गोष्ट मिशीपासून सुरू होत नाही. ती अयोध्येतल्या एका श्रेष्ठीच्या घरात सुरू होते. बाप भवदत्त, आई धनदत्ता, मुलगा लुब्धदत्त. (पोटच्या पोराचं नाव लुब्धदत्त ठेवणारे आईबाप मला कुठं भेटलेले नाहीत. टीकाकारांनी इथं जरा घाईच केली.) हा मुलगा व्यापाराला लांब गेला, तिथं त्यानं चांगलं कमावलं, आणि ते सगळं चोरांनी नेलं. अगदी कफल्लक होऊन परत येताना वाटेत एका गवळ्याकडं त्यानं ताक मागितलं. मिशीला लोणी लागलं ते या ताकाचं.

पाठशाळेत हा भाग गाळतात. मुलांना गोष्ट आटोपशीर सांगावी लागते, कबूल. पण एवढं गाळलं की माणूसच बदलतो. आमच्या डोक्यात बसलाय तो जन्माचा चिक्कू. प्रभाचंद्रांनी लिहिलाय तो एकदा सगळं कमावून सगळं घालवलेला, चांगल्या घरचा पोरगा. चोरी झालेल्या माणसाला मिशीचं लोणीसुद्धा पुसून टाकवत नाही. त्याच्या लोभाच्या आधी त्याची भीती आहे, आणि आपण वर्षानुवर्षं त्या भीतीला वगळून लोभाला हसत आलो.

ही भीती आपल्या भागाला नवीन नव्हे. तंबाखूचा पैसा ज्यांनी घरात बघितलाय त्यांना मी काय सांगू? लावण, खुडणी, वाळवणी, वर्षभर जीव काढायचा आणि भाव ठरवणार घेणारा. ज्या वर्षी भाव लागला त्या वर्षी आईच्या हातात पाटल्या, ज्या वर्षी पडला त्या वर्षी त्याच पाटल्या सराफाकडं. माझ्या आईच्या पाटल्या किती वेळा गेल्या आणि आल्या, मोजदाद नाही. १९८१ साली शरद जोशींच्या मागं हजारो तंबाखू शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले ते याच भावासाठी, आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात माणसं मेली. त्या दिवसांत आमच्या घरी चुलीपुढं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. हेही सांगितलं पाहिजे की त्याच गावात वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यावर १९८२ साली 'युगांतर' गटानं 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. वखारी कुणाच्या होत्या ते आपल्याला माहीत आहे, त्यात आपले लोकही होते. आमच्या भीतीला निदान पाटल्या होत्या.

तर सांगायचं असं, की अशा घरातून जो मुलगा शिकून पुण्याला किंवा बंगळूरला जातो तो पदवीबरोबर ही भीतीही घेऊन जातो. पगार वाढला म्हणून ती कमी होत नाही. उलट गमवायला जास्त झालं. माझ्या भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, एका मेलवर नोकरी जाते आमच्याकडं." त्याच्या आजोबांना भाव पडायची भीती, याला मेलची.

आता पुढची गोष्ट बघा. लोण्याचं तूप होत होत एक प्रस्थभर साठतं. ते खरं तूप आहे, स्वप्नातलं नव्हे. थंडीचे दिवस, गवताची झोपडी, पायाशी विस्तव, जवळ तुपाचं भांडं. या तुपातला चमचाभरही त्यानं भातावर घेतला असं टीकेत कुठं नाही. आपल्याजवळ तूप आहे हेसुद्धा तो एकदाही म्हणत नाही. तो म्हणतो, यातून सार्थवाह होईन, मग सामंत, महासामंत, राजाधिराज, मग चक्रवर्ती. चक्रवर्ती झाल्यावर काय करणार? तर सात मजली महालात पाय पसरून पडणार. तो पडलेलाच होता की!

समंतभद्रांनी या व्रताला दोन नावं दिली आहेत. परिमित परिग्रह, आणि दुसरं इच्छापरिमाण. आम्ही पहिलं धरलं, दुसरं सोडलं. म्हणून आपल्याकडं हे व्रत म्हणजे साड्या किती आणि भांडी किती एवढ्यावर आलं, आणि तेही बायकांनी घ्यायचं. चातुर्मासात महाराजांपुढं वही घेऊन सासू बसते, पगाराची स्लिप घेऊन मुलगा बसलेला मी तरी अजून बघितला नाही. भोजच्या सातगौडा पाटलांनी घरदार सोडलं आणि ते आचार्य शांतिसागर झाले, याचा आपल्याला केवढा अभिमान. पण त्या अभिमानात एक पळवाट आहे. सगळं सोडणं आपल्याला जमणार नाही, मग मोजायचं तरी कशाला? अणुव्रत तर मुनींसाठी नाहीच, ते घर चालवणाऱ्यासाठीच सांगितलंय.

याच व्रताचे पाच अतिचार समंतभद्र सांगतात. त्यातला एक विस्मय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कळेना, आश्चर्य वाटण्यात पाप कसलं? प्रभाचंद्र सांगतात ते असं. ठरल्या नफ्यानं माल विकला, नंतर त्याच मालाला जास्त मिळतंय असं दिसलं, आणि हा हळहळत बसला. इथं मी पुस्तक खाली ठेवलं. पुण्यातला फ्लॅट विकल्यावर वर्षभरानं त्याच इमारतीतला भाव बघणारी माणसं मी ओळखते. आणि आपल्या पंचकल्याणकात सौधर्म इंद्राची बोली लागते तेव्हा काय चाललेलं असतं? लाउडस्पीकरवरून सगळ्या मांडवाला विस्मय करायला लावतात. धर्माचाच पैसा आहे, देणारा देतो, मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण त्या मांडवात बसलेल्या चांगल्या कमावत्या माणसालाही आपण गरीब वाटून जातं, हे बायकांनी घरी येताना गाडीत ऐकलेलं असतं.

अतिवाहन हा आणखी एक. बैलाला झेपेल त्याहून लांब हाकणं. आता जुंपलेला बैल आणि हाकणारा एकच.

अमेरिकेत या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झालं. कानेमन आणि डीटन यांनी २०१० साली लिहिलं की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढं रोजचं समाधान फारसं वाढत नाही. २०२१ साली किलिंग्जवर्थ यांनी दाखवलं की वाढतच राहतं. मग २०२३ साली दोन्ही बाजू एकत्र बसल्या आणि निघालं असं की बहुतेकांचं वाढतं, पण जे आधीच दुःखी आहेत त्यांचं एका टप्प्यानंतर थांबतं. वाचायला चांगलं आहे. पण हा आकडा बाहेरून सापडणारा आहे असं धरून सगळे शोधतात. समंतभद्रांच्या व्रतात आकडा ज्याचा त्यानं सांगायचा असतो. तो लहानच पाहिजे असंही नाही, सांगितलेला पाहिजे.

इथंवर मी ग्रंथाच्या बाजूनं बोलले. पण माझी दोन भांडणं आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताची यादी येते, शेत, घर, रुपं, सोनं, धन म्हणजे गाईगुरं, धान्य, दासी, दास, कापडचोपड. दासी-दास वस्तूंच्या रांगेत बसलेत, ते वाचताना आजही टोचतं. आणि दुसरं, या यादीत कर्ज नाही. वीस वर्षांच्या हप्त्यावर घेतलेलं घर कुठल्या रकान्यात लिहायचं? ते त्याचं आहे की बँकेचं? लाखांनी मिळवणारा माणूस सगळे हप्ते वजा करून शून्याच्या खाली असेल तर त्याचं "पुरत नाही" हे नुसतं मनाचे खेळ म्हणून उडवता येत नाही. श्मश्रुनवनीताच्या भांड्यातलं तूप निदान त्याचं होतं.

आणि ती लाथ. पाठशाळेत आम्हाला वाटायचं, स्वप्नात तो उगीच पाय झाडतो. टीकेत ती लाथ स्वप्नातल्या राणीला आहे. पाय दाबायला बसलेल्या स्त्रीरत्नाला तो प्रेमानं म्हणतो, तुला पाय दाबता येत नाहीत, आणि पायानं मारतो. सगळ्या गोष्टीत आईचं नाव सोडलं तर बाई एवढीच, आणि तिच्या वाट्याला एवढंच. प्रभाचंद्रांना त्यात काही वावगं वाटलं की नाही, सांगता येत नाही. पण घर पेटतं ते त्याच लाथेनं, हे त्यांनी लिहून ठेवलंय.

दिवाळीत भाचा आला होता, निपाणीहून बेळगावला मला भेटायला. जेवणं झाल्यावर मी सासूबाईंची जुनी परिग्रह परिमाणाची वही काढली. सोनं अमुक तोळे, साड्या अमुक, वर आल्या तर देऊन टाकायच्या. खाली त्यांची मोडीसारखी लफ्फेदार सही. त्यानं पानं उलटली, सुनेनंही वाकून बघितली. मागची पानं कोरी होती. मी पेन पुढं केलं.

"मावशी, कर्ज वर लिहू का खाली?" त्यानं विचारलं. सून म्हणाली, "आधी आकडा तर लिही." तो बराच वेळ पेन धरून बसला, मग त्यानं मोबाईलवर हिशोब मांडायला घेतला. मी ताक आणायला आत गेले.