टाकाचा दाब आणि बोरूची धार

लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूवर जे वळणदार अक्षर सर्रास दिसते, त्या जातीचा एक प्रसिद्ध टंक म्हणजे एड बेंगियाट यांचा १९९४ सालचा 'एडवर्डियन स्क्रिप्ट'. तो देखणा आहे, यात वाद नाही. टोकदार निबावर दाब दिला की रेघ भरते, सैल सोडला की केसासारखी बारीक होते. या एकाच क्रियेतून त्याचे सारे सौंदर्य उमलते. अडचण येते ती मराठी बाजूवर. तेथे देवनागरीला हाच पोशाख चढविलेला असतो: अक्षरे कललेली, काने लांबविलेले, वेलांट्यांना वेलबुट्टी. 'मार्था'चा रफार आणि 'फ्रान्सिस'मधली जोडाक्षरे त्या नक्षीत बुडून जातात. ज्या नावांसाठी पत्रिका छापली, तीच आजीला वाचता येत नाहीत.

मराठीला स्वतःचे असे धावते, दरबारी अक्षर नाही, अशी समजूत यामागे असावी. पन्हाळा ती खोटी ठरवितो. १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी या गडावर होती. रामचंद्रपंत अमात्यांची समाधीही येथेच आहे. त्या राज्याचा कारभार मोडीत चाले आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी दप्तरे आजही आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या रुंदीभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जाई. येथे रेघेची जाडी दाबाने येत नाही, बोरूच्या तिरप्या कापाने येते. वळसा शोभेसाठी नसतो. पुढच्या अक्षराकडे जाण्याची ती वाट असते. गडाच्या तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे, तोही अलंकृतच. पण तो अलंकार त्या लिपीच्या हाडातून आलेला आहे, उसना नाही.

परक्या अक्षराचा पोशाख आपल्याला नवा नाही. देवनागरी खिळे नव्हते म्हणून फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत निघाले. ती निकड होती. १८१० मध्ये विल्यम कॅरी यांचा मराठी कोश सेरामपूरला मोडी खिळ्यांनी छापला गेला, पण सुट्या खिळ्यांत धावत्या हाताचा ओघ कसा उतरणार? आता तीही सबब उरलेली नाही. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे आणि अक्षरे जोडणे संगणकाला अवघड नाही.

अच्युत पालव यांनी देवनागरी व मोडी यांच्या मिलाफातून 'मुक्त लिपी' घडविली. तिच्यात बोरूची धार जाणवते, म्हणून ती आपली वाटते. मात्र ती मथळ्यापुरतीच बरी. मिस्साची वेळ तिच्यात छापू नये. पत्रिका सबंध मोडीतच छापावी, असेही माझे म्हणणे नाही. मोडी फार थोड्यांना येते, तिची कित्येक अक्षरे एकमेकांसारखी दिसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती पाळत नाही. टंककाराने तिची चाल तेवढी घ्यावी, शिरोरेघ सरळ ठेवावी, आणि नक्षी करायचीच तर ती ओळीच्या शेवटच्या अक्षराला करावी, रफाराला नव्हे.