वसईचे दफ्तर आणि आमची पेटी

वसईच्या इतिहासावर मराठीत लिहिणाऱ्याला कागदांची वाण नाही. गो. स. सरदेसाई यांनी 1930 नंतर छापून काढलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड आहेत. त्यांतला एक सबंध खंड वसईच्या मोहिमेचा. य. न. केळकर यांचे 'वसईची मोहीम' आहे. पोर्तुगीजांची बाजू पाहायची तर गोव्याचे दफ्तर 1595 पासूनचे आहे आणि पां. स. पिसुर्लेकरांनी त्यावर आयुष्य घातले. कामणदुर्गाच्या पायथ्याचा माणूस हे चाळायला बसला तर मोर्चे, सुरुंग, रसद, आणि मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी घेतलेली वसई, सारे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

पण आम्ही या छापील इतिहासात स्वतःला शोधू लागलो की एकाच जागी सापडतो. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा तह करून वसई पोर्तुगीजांना देऊन टाकतो, आणि पुढे जणू या मुलखातले सगळे मुसलमान गलबतात बसून निघून गेले!

याचा दोष सरदेसायांना देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पुण्याच्या दफ्तरात कागद कोटींनी मोजावे लागतात. निवडणाऱ्याने राजकारण आणि लढाई आधी निवडली. त्या पिढीला इतिहास म्हणजे तेच वाटत होते. काझीचे वतन, दर्ग्याच्या दिवाबत्तीचे इनाम, गावच्या जमाखर्चातला मुलाण्याचा हक्क असले कागद रुमालांत बांधलेले राहिले. (मुलाणा हा गावगाड्यातला हक्कदार होता, हे आज आमच्याच मुलांना सांगावे लागते.) मोहिमेचे पत्र छापले गेले, पण मोहीम होऊन गेल्यावर गाव कसे चालले त्याचा हिशेब छापला गेला नाही.

खरी तक्रार आमची आमच्याविरुद्धच आहे. आमच्यातले हौशी संशोधक फारसी फर्मान शोधतात, अरबस्तानातून आलेल्या पूर्वजाचा शजरा चौकटीत बसवून भिंतीला लावतात, आणि मोडीतली पावती, सारापट्टी, सनदेची नक्कल 'बामणी कागद' म्हणून रद्दीत घालतात. वास्तविक आमच्या कोकणी घरांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या मोडीतच चालला. आम्ही मराठी आहोत हे सभांतून ओरडून सांगण्यापेक्षा तो कागद पुढे ठेवणे अधिक सोपे होते. फौजेतून निवृत्त झालेल्याचे पेन्शनपत्र, खलाशाची नोकरीची पुस्तिका, निकाहनामा, जमातीची वही, यांना साहित्य कोण म्हणणार, असे आमच्या एका ज्येष्ठ लेखकाने आम्हाला विचारले होते. आम्ही त्यांना उलट विचारले, की मग आपल्या कादंबऱ्यांतले आजोबा इतके एकसारखे का असतात?

कागद नसण्याची किंमत इतिहासापुरती नसते. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले तेव्हा ज्याला पुरावा दाखवता आला नाही त्याचे इनाम गेले. त्यात हिंदू गेले, मुसलमानही गेले. 2025 मध्ये वक्फ कायदा बदलला आणि जूनमध्ये 'उम्मीद' पोर्टल सुरू होऊन वक्फ मिळकतींचा तपशील सहा महिन्यांत भरण्याची मुदत घातली गेली. त्या कायद्याविषयीचे वाद वेगळे. तो वाद न्यायालयात आहे. पण मुतवल्ली धावपळ करीत होते ती कागदासाठी, आणि तो कागद असलाच तर बहुधा अशाच एखाद्या पेटीत होता.

कामणच्या बाजूने चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर गोदामे वाढली, जुनी घरे पडत आहेत. घर पाडताना लाकूड विकले जाते, कौले विकली जातात, पेटी रिकामी करून तीही विकली जाते. आम्ही पाहिलेल्या एका मशिदीच्या वहीत तेल देणाऱ्यांची नावे वर्षवार लिहिलेली आहेत. त्या वहीची पहिली चाळीस पाने मोडीत आहेत, आणि त्या जमातीत मोडी वाचणारा एकही माणूस उरलेला नाही.