मरण कोणाच्या खात्यावर? ‘वाल्किरिया क्रॉनिकल्स’ : खेळ आणि ॲनिमे

मित्रहो, विषयाचं नाव ऐकून मागच्या रांगेतली पोरं खुश झालेली दिसतात, आणि पुढच्या रांगेतली माझ्या वयाची मंडळी विचारात पडली आहेत की, सरांनी हे काहून काढलं बाप्पा! म्हणून आधी कथा सांगतो, मग माझं म्हणणं.

‘वाल्किरिया क्रॉनिकल्स’ हा सेगा या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम २००८ साली आला. पुढच्याच वर्षी त्याच्यावर सव्वीस भागांची ॲनिमे मालिका निघाली. युरोपासारखा एक कल्पित खंड आहे, साल १९३५ आहे आणि दोन महासत्तांचं युद्ध पेटलेलं आहे. गॅलिया नावाचा एक चिमुकला देश मधल्यामध्ये चिरडला जातो आहे. त्याच्या लोकसेनेत सातवी तुकडी आहे. तिचा प्रमुख वेल्किन हा खरं म्हणजे किडे-पाखरं न्याहाळणारा विद्यार्थी. त्याच्यासोबत पाव भाजणारी ॲलिशिया आहे आणि रणगाडा चालवणारी त्याची मानलेली बहीण इसारा आहे. इसारा डार्क्सन समाजाची. या समाजाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आता खेळ कसा चालतो ते बघा. बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल असते. वरून रणभूमीचा नकाशा दिसतो. तुम्ही एक सैनिक निवडला की नकाशा नाहीसा होतो आणि तुम्ही एकदम त्याच्या पाठीमागे जमिनीवर उभे राहता. तो धावतो तेव्हा समोरून गोळ्या सुरूच असतात. बुद्धिबळात प्यादं मारलं तर आपण ते डबीत टाकतो, त्याला नाव नसतं. इथे तुकडीतल्या वीसही जणांना नाव आहे, आवाज आहे, स्वभाव आहे. कोणाला फुलांच्या परागांनी शिंका येतात, कोणाचं एखाद्या सोबत्याशी विशेष जमतं. यातला कोणी पडला तर तीन चालींच्या आत आपल्या माणसाने त्याच्यापर्यंत पोचायचं, म्हणजे वैद्यकीय मदत येते. पोचलो नाही, किंवा शत्रू आधी पोचला, तर तो कायमचा गेला. पुढच्या लढाईत यादीत त्याचं नाव नसतं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे थांबावं लागतं. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली ‘मॉरल लक’, म्हणजे नैतिक दैव, या विषयावर निबंध वाचला. त्यात एक उदाहरण आहे. ट्रकचालकाची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. रस्त्यावरच्या सगळ्यांनाच वाईट वाटतं. पण चालकाला जे वाटतं ते वेगळ्या जातीचं असतं, कारण ते त्याच्या हातून झालेलं असतं. याला आपण ‘कर्त्याची खंत’ म्हणू. कादंबरी, नाटक, सिनेमा आपल्याला रडवतात ते बघ्याचं रडणं. या खेळाची मोठी गोष्ट ही, की तो निदान थोडा वेळ आपल्याला चालकाच्या जागी बसवतो. त्या पोरीला पुढे मीच पाठवलं होतं. दुसरीला पाठवता आलं असतं.

आता पोरं म्हणतील, सर, मधेच सेव्ह करता येतं, कोणी मेलं तर पुन्हा लोड करायचं! बरोबर आहे. अकोल्याला नातवाच्या शेजारी बसून मी हेच पाहिलं. सैनिक पडला की गडी मागे जातो आणि तीच चाल नव्याने खेळतो. पण आपल्या वऱ्हाडात दुबार पेरणी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. पाऊस दडी मारतो, पहिलं बी जळतं, मग शेतकरी पुन्हा पेरतो. वरवर पाहता हेही ‘पुन्हा लोड’च. पण बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा लागतात, हंगाम मागे पडतो, आणि पहिल्या पेरणीचं कर्ज काही पुसलं जात नाही. आयुष्यात दुसरी संधी मिळते, पण तिची किंमत मोजावी लागते. खेळात ती फुकट आहे. म्हणून त्याने दिलेली खंत खरी असली तरी उथळ आहे.

मग ॲनिमेत काय झालं? पडद्यावर निवड आपली राहत नाही, हे उघडच आहे. त्याबद्दल तक्रार करणं म्हणजे चित्राला आवाज का नाही असं विचारणं. पण त्या जागी मालिकेने काय भरलं, हे विचारता येतं. तिने भरला तो वेल्किन, ॲलिशिया आणि फाल्डियो यांचा प्रेमत्रिकोण. त्यापायी खेळातली ती वीस माणसं मागे सरकली आणि नायकाच्या पाठीमागची गर्दी झाली. सव्वीस भागांत एकेकाला एकेक भाग सहज देता आला असता. ज्याच्या मरणाचा हिशोब मी खेळात ठेवत होतो, त्याचं नावही मालिकेत आठवत नाही.

मालिकेची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. तिला थांबता येतं. खेळात लढाई संपली की पुढची लढाई बोलावते. पडद्यावर माणूस गेल्यानंतरची शांतता दाखवता येते, आणि इसाराच्या मरणानंतर ती दाखवली आहे.

आता मुख्य मुद्दा. डार्क्सन समाजावर एक जुना आरोप आहे, की प्राचीन काळी यांनी हा खंड जाळला. म्हणून त्यांची आडनावंसुद्धा काढून घेतलेली. पुढे कळतं की तो इतिहास जेत्यांनी लिहिलेला आणि खोटा होता. आपल्याकडे आडनाव ऐकून माणूस जोखणारे लोक कमी नाहीत, तेव्हा याचा अर्थ मी फोड करून सांगायला नको. खेळाने एक धारदार गोष्ट केली आहे. काही सैनिकांच्या स्वभावातच ‘डार्क्सनद्वेष’ नोंदवला आहे. जवळ डार्क्सन सोबती आला की त्या सैनिकाचं बळ घटतं. म्हणजे द्वेषाची किंमत द्वेष करणाऱ्याकडून वसूल होते. एवढ्या थोडक्यात हे सांगणारं दुसरं काही मला चटकन आठवत नाही.

पण कथेत काय होतं? तुकडीतली रोझी डार्क्सनांचा राग करते. इसारा तिच्यासाठी हाताने बाहुली शिवते, शुभशकुनाची. रोझीचं मन वळू लागतं आणि त्याच क्षणी शत्रूची गोळी इसाराला लागते. रोझी बदलते, तिच्यासाठी गाते. खेळातही हेच, मालिकेतही हेच. लक्षात घ्या, जो खेळ प्रत्येक मरण माझ्या खात्यावर मांडत होता, त्याने हे सर्वांत मोठं मरण माझ्या हातातून काढून घेतलं. इथे चाल नाही, तीन पाळ्यांची मुदत नाही, धावत जाऊन वाचवणं नाही. पडदा उजळतो आणि ती मरते. माझ्यावर काही नाही. रोझीवरही काही नाही. उलट तिला एक निर्मळ हृदय मिळतं, आणि त्याचे पैसे इसाराने भरलेले असतात.

ही कथा जगभर सांगितली जाते, आपल्याकडेही. पीडिताने मरावं, म्हणजे इतरांना पाझर फुटेल. याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. त्या नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद भरली. ती माणसं कोणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसली नव्हती. ती जिवंतपणी दारात उभी राहून हक्क मागत होती. इसाराला असं मागताना मला पाहायचं होतं. रोझीला माफी मागावी लागली असती, समोरच्या जिवंत माणसाची नजर झेलून. गाणं म्हणण्यापेक्षा ते अवघड.

या मालिकेच्या निर्मात्यांना नावाचं मोल कळत नव्हतं असं नाही. २०११ च्या तिसऱ्या खेळात शिक्षा झालेल्यांची एक तुकडी आहे, तिला ‘नेमलेस’ म्हणजे निनावी म्हणतात. तिथे सैनिकाला नावाऐवजी क्रमांक देतात. नाव काढून घेतलं की माणसाला मरायला पाठवणं सोपं होतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

तेव्हा पोरांनो, खेळा, जरूर खेळा. फक्त एकदा एक लढाई मागे न जाता खेळून बघा. जो गेला तो गेला, असं ठरवून. आणि मग ॲनिमे बघताना स्वतःला विचारा, हे माझ्या डोळ्यांतलं पाणी बघ्याचं की कर्त्याचं? उत्तर अवघड वाटलं तर बरंच आहे. आता प्रश्न घेऊ.