गृहशोभेतील रंग व नक्षी : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या संदर्भात एक विवेचन

मराठी सौंदर्यविचाराने काव्य, नाटक, चित्र व संगीत यांची चर्चा पुष्कळ केली. परंतु राहत्या घराच्या शोभेकडे तो क्वचितच वळला. वस्तुतः ज्याने आयुष्यात एकही चित्र काढलेले नाही असा मनुष्यही भिंतीला कोणता रंग द्यावा, पलंगावर कोणती चादर घालावी, उंबऱ्यापुढे कोणती रांगोळी काढावी, याचा निर्णय करीतच असतो. या निर्णयांची चिकित्सा मात्र ‘भडक’ आणि ‘सौम्य’ या दोन विशेषणांवर भागविली जाते. ही विशेषणे वरवर रंगांविषयीची वाटतात. प्रत्यक्षात ती पुष्कळदा रंग वापरणाऱ्या माणसांविषयीची असतात. निर्वासितांची वसाहत, कामगारांची चाळ, नव्याने पैसा मिळविलेल्याचा बंगला यांना ‘भडक’ म्हणणे सोपे जाते. तोच रंग जुन्या वाड्याच्या माजघरात दिसला तर त्याला ‘परंपरा’ म्हटले जाते. ज्या शब्दाचा अर्थ घरमालक पाहून बदलतो, तो समीक्षेची संज्ञा होऊ शकत नाही. म्हणून गृहशोभेचे मूल्यमापन कोणत्या निकषावर व्हावे, हा प्रश्न मुळापासून विचारणे अवश्य ठरते.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ओळीने येणारी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीची आहेत. एका नदीच्या खोऱ्यात, काही मैलांच्या अंतरात, नक्षीचे तीन भिन्न आधार येथे दिसतात : अंबरनाथला दगड, उल्हासनगरला वस्त्र आणि बदलापूरला नव्या इमारतीची कोरी भिंत.

गृहशोभेवरील प्रचलित मार्गदर्शनात दोन नियम हटकून आढळतात. खोली लहान असेल तर रंग फिका व नक्षी बारीक असावी, हा पहिला. खोलीतील मुख्य रंगाला साठ, दुय्यम रंगाला तीस व उठावाच्या रंगाला दहा टक्के जागा द्यावी, हा दुसरा. हे नियम निराधार आहेत असे नव्हे. फिकी भिंत अधिक प्रकाश परावर्तित करते आणि त्यामुळे अंधारी खोली उजळते, हे कोणीही पडताळून पाहू शकतो. तथापि दोन्ही नियम केवळ परिमाणाचे आहेत. किती जागेवर कोणता रंग, एवढेच ते सांगतात. तो रंग किती काळ डोळ्यांपुढे राहणार, याविषयी ते मौन पाळतात. घराच्या बाबतीत हे मौन साधे नाही.

बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडून संवेदनांच्या संघटनेला सौंदर्याचा आधार मानले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथामुळे ही मांडणी मराठी समीक्षेत दृढ झाली. रंग व नक्षी यांच्या विचाराला ती फार उपयोगी आहे. विरोधाचे तत्त्व तर रंगांच्या बाबतीत प्रयोगानेही सिद्ध झालेले आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या पडदे विणण्याच्या सरकारी कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली दाखवून दिले की, शेजारी ठेवलेले दोन रंग परस्परांतील भेद वाढवून दाखवितात. हिरव्याजवळचा तांबडा अधिक तांबडा भासतो. तेव्हा ‘भडकपणा’ हा एकट्या रंगाचा गुण नसून दोन रंगांच्या शेजाराचा परिणाम आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

परंतु मर्ढेकरांच्या विचारात कलाकृती स्वायत्त आहे. प्रेक्षक तिच्यापुढे येतो, तिचा अनुभव घेतो व निघून जातो. घरातून मनुष्य असा निघून जात नाही. तो त्या रंगात झोपतो, आजारी पडतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, मृताला निरोप देतो. जी लय एका दृष्टिक्षेपात आनंद देते तीच सात वर्षे अहोरात्र समोर राहिली तर काय होते, हा प्रश्न चित्राच्या बाबतीत उद्भवत नाही. घराच्या बाबतीत तोच मुख्य आहे. म्हणून लयीच्या तत्त्वांना औचित्याच्या तत्त्वाची जोड द्यावी लागते. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे जीवित मानले आणि औचित्याच्या स्थानांत काल व देश यांचाही समावेश केला. गृहशोभेला हा विचार लावल्यास पुढील निकष हाती येतो : नक्षीचे आयुष्य आणि ती ज्या पृष्ठावर आहे त्याचे घरातील आयुष्य, यांचा मेळ बसला पाहिजे. रंगाची तीव्रता नव्हे, तर तीव्रता आणि कालावधी यांचे नाते हा निर्णयाचा विषय आहे.

या निकषाची पहिली परीक्षा क्षेमेंद्राच्याच शतकात बांधलेल्या अंबरनाथच्या शिवालयावर घेता येते. देवालय हे घर नव्हे. परंतु नक्षी आणि भिंत यांचे नाते येथे इतके स्पष्ट आहे की, घराचा विचार येथून सुरू करणे युक्त ठरते. देवळातील शिलालेख शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा असून तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला आहे. भूमिज शैलीतील या देवळाच्या शिखरावर लहान लहान शिखराकृतींच्या ओळी एकावर एक चढत जातात व वर जाताना आकाराने घटत जातात. शिखराचा माथा ढासळलेला असूनही ही लय डोळ्यांना पूर्ण करता येते. खालच्या भिंतींवर सपाट जागा जवळजवळ नाही. एवढी दाट नक्षी कंटाळवाणी का होत नाही? एक तर तिला रंग एकच, काळ्या पाषाणाचा. दुसरे असे की, भिंत पुढेमागे कोनांत मोडत गेल्यामुळे प्रत्येक उठावाची सावली सूर्याबरोबर सरकते. सकाळी जी मूर्ती पुढे येते ती दुपारी मागे जाते. नक्षी चिरस्थायी आहे. पण तिचे दर्शन प्रहराप्रहराला बदलते. शिवाय खाली उतरून ज्या गाभाऱ्यात जावयाचे तो या बाह्यांगाच्या मानाने साधा व अंधारा आहे. जेथे मन स्थिर व्हावयाचे तेथे नक्षी मागे सरली आहे. चिरकाल टिकणाऱ्या अलंकाराने आपले चांचल्य उन्हाकडे सोपवावे, हा धडा कोणत्याही गृहस्थाच्या उपयोगाचा आहे.

उल्हासनगरात परिस्थिती नेमकी उलट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून ठेवण्यात आले, आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी सैनिकांसाठी बांधलेल्या, भिंती सरकारच्या, आणि एकेका बराकीत अनेक कुटुंबे. ज्या भिंतीवर आपली मालकी नाही व जी उद्या सोडावी लागेल, तिच्यावर कोण नक्षी काढील? अशा स्थितीत शोभा वस्त्राच्या आश्रयाला जाते. जर्मन वास्तुविचारक गोटफ्रीड झेम्पर यांनी १८५१ साली असा सिद्धांत मांडला होता की, भिंतीचे मूळ विटांत नसून टांगलेल्या विणकामात आहे. निर्वासितांच्या छावणीत आडोशाला लावलेला पडदा हा या सिद्धांताचा जणू जिवंत पुरावा होता. तेथे वस्त्र भिंतीची सजावट करीत नव्हते. तेच भिंत होते.

सिंधच्या वस्त्रपरंपरेत रल्लीला मोठे स्थान आहे. जुन्या कापडाचे तुकडे जोडून, थरांवर थर ठेवून, धावदोऱ्याने शिवलेली ही गोधडी. तांबडा, काळा, पिवळा, पांढरा असे रंग तीत एकमेकांना थेट भिडतात. विरोधलय येथे पराकोटीला जाते. तथापि सबंध पृष्ठावरून समांतर धावणारा टाका त्या विरोधाला एका सूत्रात बांधतो. महाराष्ट्रातील गोधडीचेही तत्त्व हेच आहे. लुगड्याचा काठ, धोतराचे पान, परकराचा घेर यांना एकत्र आणणारा धावदोरा हा समतोलाचा आधार असतो. रल्लीला भडक म्हणणाऱ्याने तीच तत्त्वे आपल्या आजीच्या गोधडीत पाहावीत.

येथे कालावधीचा निकष निर्णायक ठरतो. रल्ली रात्री पसरली जाते व सकाळी घडी होऊन जाते. तिची तीव्रता दिवसाच्या ठरावीक प्रहरापुरती आहे. ती जीर्ण होते, तिच्यावर दुसरे ठिगळ बसते. अशा चल वस्तूवर तीव्र रंग हा केवळ क्षम्य नव्हे, उचितच आहे. साठ-तीस-दहाच्या हिशेबात ही गोष्ट सापडत नाही. कारण घडी केलेल्या रल्लीची टक्केवारी काय मांडावी?

याच निकषाने उल्हासनगरच्या आजच्या घराची कठोर परीक्षाही होऊ शकते. बहुतेक बराकींच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि येथील फर्निचरची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. वस्त्रातील विरोधलय जेव्हा छताच्या प्लास्टरवर, चकचकीत लॅमिनेटच्या कपाटावर व भिंतीतच बसविलेल्या दिव्यांत कायमची जडविली जाते, तेव्हा तिचा घडी होण्याचा गुण नाहीसा होतो. दोष रंगात नाही, सिंधी अभिरुचीत तर नाहीच. चल वस्तूची लय अचल पृष्ठावर नेली, हा दोष आहे. तो पुण्या-मुंबईच्या घरांतही तितकाच आढळतो.

बदलापूरचा प्रश्न निराळा. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ साली सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली. याचा अर्थ, थोड्या काळात हजारो कुटुंबे कोऱ्या भिंतींपुढे उभी राहिली. मुंबईतील चाळीची किंवा गावाकडच्या घराची वहिवाट मागे राहिलेली आणि घर बहुधा कर्जाने घेतलेले. अशा वेळी मनुष्य न चुकण्याचा मार्ग पत्करतो. तो मार्ग म्हणजे दुधी किंवा मलईचा रंग आणि एखाद्या भिंतीवर वारली चित्रांची पट्टी.

वारली चित्राचे मूळ स्थान मुख्यतः डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या उत्तरेकडील भागात आहे. लग्नप्रसंगी सवाशिणी गेरूने वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि भोवतीच्या भौमितिक नक्षीच्या पट्ट्या तिला वेढून राखतात. हा चौक जतन करण्यासाठी नसतो. लग्न झाले की त्याचे कार्य संपते आणि तो हळूहळू पुसट होतो. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकाराने तिला स्वतंत्र चित्राचे सामर्थ्य दिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर जाणे म्हणजे ऱ्हास नव्हे. मशे यांनी माध्यमाबरोबर आशयही बदलला; चित्राच्या नव्या दीर्घायुष्याला पुरेल एवढी घटनांची गर्दी त्यांनी त्यात आणली.

सदनिकेतील पट्टीत मात्र यांपैकी काहीच घडत नाही. चौक सोडून तारप्याच्या नाचाचे वेटोळे तेवढे उचलले जाते. कड राहते, पण जिला राखावयाचे ती देवी राहत नाही. चार दिवसांच्या प्रसंगासाठी जन्मलेली नक्षी टिकाऊ तैलरंगात वर्षानुवर्षे तशीच राहते. ती सौम्य आहे, नियमात बसते, कोणाच्या डोळ्यांत सलत नाही. आणि वर्षभरात घरातील कोणी तिच्याकडे पाहतही नाही. ‘भडक’ घर डोळ्यांना थकविते, हे ‘सौम्य’ घर डोळ्यांना कामच देत नाही. कालावधीच्या निकषावर दोन्ही सारखीच उणी ठरतात.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कोकणातील घराची गेरूची भिंत गडद असूनही कायमची असते. मग तीव्र रंग चल वस्तूवरच शोभतो, हे कसे? उत्तर असे की, गेरूची भिंत कायमची नसते. ती सणासुदीला, पावसाळ्यानंतर पुन्हा सारवली जाते. तिचे स्थैर्य पदार्थाचे नसून पुनरावृत्तीचे आहे. रांगोळीचेही तसेच. चैत्रांगण रोज पुसले जाते म्हणूनच रोज नवे राहते. उंबऱ्यावर चिकटविलेली प्लास्टिकची रांगोळी पहिल्या दिवशी अधिक रेखीव दिसते व महिन्याभरात अदृश्य होते. हात फिरत राहिला तर गडद रंगही जड होत नाही.

दुसरी एक दिशाभूलही टाळली पाहिजे. व्हिएन्नाचे अडोल्फ लोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकारालाच संस्कृतीचे मागासलेपण ठरविले. त्यांचा वाया जाणाऱ्या श्रमाविषयीचा मुद्दा विचारार्ह आहे. परंतु नक्षीवरून माणसांची पायरी ठरविण्याची खोड त्यांच्या प्रतिपादनातही आहे. स्वतः लोस यांनी सजविलेल्या खोल्यांत संगमरवराच्या शिरा व गालिचे यांची नक्षी मुबलक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा विरोध नक्षीला किती आणि ती करणाऱ्या हातांना किती, असा प्रश्न पडतो. ‘भडक’ हा मराठी शब्द त्याच खोडीचा घरगुती अवतार आहे.

सारांश, गृहशोभेच्या समीक्षेने प्रथम पृष्ठ कोणाचे व किती काळाचे हे विचारावे. मग नक्षी त्या काळाला पुरते की नाही ते पाहावे. रंग तीव्र की मंद हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. हा क्रम पाळला तर अंबरनाथचा पाषाण, उल्हासनगरची रल्ली आणि बदलापूरची भिंत एकाच मापाने मोजता येतात, आणि मोजताना कोणाच्या जातीचा, भाषेचा वा मिळकतीचा उल्लेख करावा लागत नाही. उल्हासनगरच्या उरल्यासुरल्या बराकींतील व पहिल्या पिढीच्या कुटुंबांतील वस्त्रांची पद्धतशीर नोंद विद्यापीठीय संशोधनाने वेळीच हाती घ्यावी, ही या विचाराची व्यावहारिक निष्पत्ती होय. शिलालेखाला हजार वर्षे वाट पाहता येते. रल्ली एका पिढीपलीकडे क्वचितच टिकते.